उडतां उडतां पंखांची शाकारणी

जून महिन्याचे पहिले दिवस होते. शाळा नुकतीच उघडली होती आणि मधल्या सुटींत मुलें पटांगणावर खेळत होतीं. वर आकाशांत एक घार संथपणें घिरट्या घालीत होती. इतक्यांत सातवीच्या वर्गांतील एक मुलगा धांवत आला व म्हणाला, "सर, त्या घारीच्या पंखाला भोंक पडलें आहे! कोणीं तिला दगड मारला असेल काय?"

आम्ही वर पाहिलें. खरोखरच उजव्या पंखांत एक फट होती व तिच्यांतून आकाश दिसत होतें. परंतु डाव्या पंखाकडे नीट पाहिलें तों तेथेंही, जवळजवळ त्याच जागीं, तशीच फट! दगड मारणारा कितीही नेमबाज असला तरी दोन्ही पंखांत एकाच जागीं भोंकें पाडणें त्याला साधणार नाहीं. ती घार जखमी नव्हती. ती जुनीं पिसें टाकून नवीं धारण करीत होती. मुलाचें समाधान झालें, पण त्यानें लागलाच दुसरा प्रश्न केला, "मग साप जशी एकदम कात टाकतो, तशीं ही सगळीं पिसें एकदम कां टाकीत नाहीं?" प्रश्न लहान होता, पण त्याचें उत्तर मोठें आहे. तें येथें सर्व वाचकांसाठीं लिहीत आहें.

प्रथम पीस म्हणजे काय तें पाहूं. मधोमध एक हलका दांडा. त्याच्या दोन्ही बाजूंना शेंकडों बारीक तंतु. आणि प्रत्येक तंतूला त्याहूनही सूक्ष्म असे उपतंतु व आंकडे. हे आंकडे एकमेकांत अडकून राहतात, म्हणून पिसाचें पातें कापडासारखें अखंड होतें व त्यावर हवेचा दाब तोलला जातो. पातें कोठें उसवलें तर पक्षी त्यावरून चोंच फिरवितो आणि आंकडे पुन्हां जागच्या जागीं बसतात. परंतु ही दुरुस्ती किरकोळ उसवणीपुरतीच होय. पीस ज्या द्रव्याचें बनलेलें असतें त्याला केराटिन असें म्हणतात. आपलीं नखें व केंस हींही त्याच जातीच्या द्रव्याचीं बनलेलीं आहेत. पूर्ण वाढलेलें पीस हें नखाच्या टोंकाप्रमाणें निर्जीव असतें. त्यांत रक्त नाहीं, वेदना नाहीं. म्हणूनच तें झिजलें तर भरून येत नाहीं आणि मोडलें तर सांधत नाहीं. नख निदान मुळाकडून सारखें वाढत राहतें. पिसाची वाढ मात्र एकदां पुरी झाली कीं थांबते.

आणि झीज तर रोजचीच आहे. ऊन, धूळ, वारा, फांद्यांचें व खडकांचें घर्षण यांनीं पिसांच्या कडा विरतात. काळीं पिसें त्यांतल्या त्यांत टिकाऊ असतात, कारण त्यांतील काळ्या रंगद्रव्यानें पिसाला बळकटी येते. पांढऱ्या करकोच्याचें सर्वांग शुभ्र असूनही ज्या पिसांवर उड्डाणाचा भार पडतो तीं मात्र काळीं असतात, हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना याचें मर्म कळेल. परंतु काळीं असोत वा पांढरीं, पिसें एक दिवस निकामी होणारच. तेव्हां त्याच खळगींत नवा अंकुर फुटतो, जुनें पीस ढिलें होऊन गळतें, आणि एका कोवळ्या वेष्टनांत गुंडाळलेलें नवें पीस हळूहळू बाहेर येऊं लागतें. हें वाढतें पीस मात्र सजीव असतें. त्याच्या दांड्यांतून रक्त वाहत असतें व तें दुखावल्यास रक्तस्राव होतो. वाढ पुरी होतांच रक्त मागें हटतें आणि दांडा वाळून पोकळ होतो.

येथपर्यंत सर्व पक्ष्यांची कथा एकच आहे. परंतु पुढें प्रत्येकानें आपल्या संसाराला सोयीचा असा मार्ग काढिला आहे.

बदकें व हंस यांचा मार्ग धाडसाचा आहे. विणीचा हंगाम आटोपला कीं त्यांतील बहुतेक जाती पंखांतील उड्डाणाचीं सर्व पिसें एकदम टाकून देतात आणि कित्येक आठवडे त्यांना मुळींच उडतां येत नाहीं. हिवाळ्यांत आपल्याकडे नांदूर मधमेश्वर, जायकवाडी अशा जलाशयांवर जे पट्टेरी हंस येतात, ते हा काळ तिबेट व मध्य आशियांतील सरोवरांच्या आश्रयानें काढतात. पाण्यांत शिरलें म्हणजे कोल्ह्याचें भय कमी आणि चारा तर काठावरच असतो. राखी धनेशाची मादी त्याहूनही सुरक्षित जागा निवडते. झाडाच्या ढोलींत शिरून ती दार लिंपून घेते, आंत अंडीं उबवितांना उड्डाणाचीं पिसें टाकते आणि नराने फटींतून भरविलेल्या घांसांवर राहते. तिचीं पिसें पुन्हां वाढतात तों पिलेंही मोठीं झालेलीं असतात.

परंतु गिधाडानें काय करावें? त्याचें अन्न एका जागीं नसतें. कोणत्या माळावर कोणतें जनावर मरून पडेल याचा नेम नाहीं. म्हणून त्याला रोज कित्येक कोस आकाश धुंडाळावें लागतें. पंख फडफडवीत एवढा जड देह वाहून नेणें त्याला परवडणारें नाहीं. उन्हानें तापलेल्या जमिनीवरून ऊन हवेचे जे स्तंभ वर चढतात, त्यांवर पंख पसरून तें उंच जातें व तेथून सरळ घसरत दुसऱ्या स्तंभाकडे वळतें. घार, गरुड, काँडोर हे सारे याच विद्येवर जगतात. त्यांना एक महिना भुईवर बसावयास सांगणें म्हणजे उपाशी मरावयास सांगणेंच होय. त्यांना पंखांची दुरुस्ती करावयाची ती उडतां उडतांच करावी लागते.

कोंकणांत पावसापूर्वीं घर शाकारतात हें आपणांस ठाऊक आहेच. बिऱ्हाड घरांतच असतें. म्हणून कोणी सारें छप्पर एकदम उतरवीत नाहीं. एका बाजूचीं कौलें काढावयाचीं, फुटकीं टाकून नवीं घालावयाचीं, आणि मग पुढें सरकावयाचें. घारीचा मार्ग हाच आहे. लहान घराची शाकारणी चार दिवसांत उरकते. मोठ्या वाड्याचें छप्पर अवाढव्य आणि शाकारणारा एकटाच, असें असेल तर? मोठ्या पक्ष्यांपुढें नेमकी हीच अडचण आहे, आणि ती समजण्यास थोडेंसें गणित करावें लागेल.

पीस रोज किती वाढतें हें पिसावरच लिहिलेलें असतें. पुष्कळ पक्ष्यांचें पीस उजेडांत तिरपें धरून पाहिलें असतां त्यावर आडवे, फिकट व गडद असे पट्टे आळीपाळीनें दिसतात. एक फिकट व एक गडद मिळून एका अहोरात्राची वाढ होते. झाडाच्या बुंध्यांतील वलयांवरून जशीं वर्षें मोजावीं, तसे या पट्ट्यांवरून दिवस मोजतां येतात. वाढीच्या काळांत पक्ष्याची उपासमार झाली असेल तर पट्टे अरुंद होतात. कधीं कधीं आडवी अशी एक दुबळी रेघ उमटते आणि पुढें पीस तेथेंच मोडण्याचा संभव असतो.

अशा मोजणीवरून व बंदिवासांतील पक्ष्यांवर लक्ष ठेवून असें आढळलें आहे कीं, मोठ्या पक्ष्याचें पीस लांब असलें तरी तें त्या मानानें वेगानें वाढत नाहीं. निरनिराळ्या जातींच्या पक्ष्यांची तुलना करणारा एक अभ्यास अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केला. त्याचें सार असें: एका पक्ष्याहून दुसऱ्याचें वजन दहापट असेल, तर त्याचें उड्डाणाचें पीस सुमारें दुप्पट लांब असतें, पण पीस वाढण्याचा वेग मात्र दीडपटीच्याच आसपास जातो. पिसाची सारी वाढ त्याच्या बुडाशीं असलेल्या एका लहानशा कंकणाकृति भागांतून होते; घर मोठें झालें तरी कौलांची भट्टी त्या मानानें मोठी होत नाहीं, असा हा प्रकार आहे.

आतां उदाहरण घेऊं. पक्ष्याच्या पंखाच्या टोंकाकडे, हाताच्या हाडांना चिकटलेलीं मोठीं पिसें असतात. गिधाड आकाशांत तरंगतांना बोटांसारखीं पसरलेलीं दिसतात तीं हींच. त्यांस आपण 'हाताचीं पिसें' म्हणूं. तीं प्रत्येक पंखांत दहा असतात. चिमणीचें असें पीस बोटाएवढें. तें कांहीं आठवड्यांत पुरें होतें, आणि दोन-अडीच महिन्यांत तिचा सारा पिसारा नवा होतो. याच्या उलट, उत्तर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया काँडोर पाहा. त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी नऊ फुटांच्या आसपास आणि त्याचें एक मोठें पीस वाढावयास सुमारें ४ महिने लागतात. दहा पिसें एकामागून एक बदलावयाचीं म्हटलीं तर १० गुणिले ४ म्हणजे ४० महिने झाले. तीन वर्षें आणि वर चार महिने! शिवाय मनगटापासून कोपरापर्यंत जीं वीस-पंचवीस पिसें असतात त्यांचा यांत हिशेबच धरलेला नाहीं.

एवढा काळ वाट पाहिली तर शेवटच्या पिसाची पाळी येईपर्यंत तें विरून चिंध्या होईल. बरें, शेजारशेजारचीं तीन-चार पिसें एकदम टाकावीं तर पंखाला मोठें भगदाड पडेल आणि तरंगण्याची शक्तिच जाईल. या पेंचांतून मोठ्या पक्ष्यांनीं जो मार्ग काढिला आहे तो मोठा मनोहर आहे.

गिधाडाचें पिल्लूं घरट्यांतून प्रथम उडतें तेव्हां त्याचीं सर्व पिसें एकाच वयाचीं असतात. म्हणून त्याच्या पंखाची मागील कड एकसारखी दिसते. पुढील वर्षीं पालट सुरू होतो. सर्वांत आंतील, मनगटाजवळचें पहिलें पीस गळतें, मग दुसरें, मग तिसरें. याप्रमाणें कांहीं पिसें नवीं होतात तों अनुकूल काळ सरतो व काम थांबतें. त्यापुढील वर्षीं जेथें काम थांबलें होतें तेथूनच तें पुढें चालू होतें. परंतु त्याच वेळीं पहिल्या पिसापासून दुसरी फेरीही सुरू होते. पहिली फेरी टोंकास पोहोंचत आहे, दुसरी मध्यावर आहे, तिसरीची सुरवात होत आहे, अशा लाटांमागून लाटा पंखांतून सरकत राहतात. याचा लाभ असा कीं, एकाच वेळीं दोन-तीन पिसें वाढत असलीं तरी तीं एकमेकांपासून दूर असतात. मोठें भगदाड न पडतां लहान लहान फटी विखुरल्या जातात. प्रौढ गिधाडाच्या एकाच पंखांत त्यामुळें तीन निरनिराळ्या वर्षांचीं पिसें सांपडूं शकतात: यंदाचीं काळीं तुळतुळीत, गेल्या वर्षींचीं थोडीं फिकट, आणि त्याही आधींचीं विटून तपकिरी झालेलीं. गिधाडांना सारीं उड्डाणाचीं पिसें एकदां बदलावयास सुमारें दोन ते तीन वर्षें लागतात. जाणता निरीक्षक या पालटावरूनच सांगतो कीं, हें गिधाड यंदाचें, हें दुसऱ्या वर्षाचें आणि हें पुरतें प्रौढ झालेलें आहे.

समुद्रावर तरंगणाऱ्या आल्बट्रॉस पक्ष्याची ओढाताण याहूनही अधिक आहे. पॅसिफिक महासागरांतील मिडवे बेटावर लेसन आल्बट्रॉस नोव्हेंबरच्या सुमारास येतात, एकच अंडें घालतात आणि पुढील जुलैपर्यंत पिलासाठीं हजारों मैलांच्या सफरी करून अन्न आणतात. या काळांत पंखांत एकही फट परवडत नाहीं. पिसें बदलावयाचीं तीं पिल्लूं मोठें झाल्यावर उरणाऱ्या थोड्या महिन्यांतच. आणि त्या मुदतींत सारीं पिसें पुरीं होत नाहींत. मग टोंकाकडील अधिक झिजणारीं पिसें दरवर्षीं आणि आंतलीं आळीपाळीनें, असा क्रम पक्षी ठेवतो. तरीही कांहीं जुनीं पिसें शिल्लक राहतात व वर्षानुवर्षें कर्जाप्रमाणें सांचत जातात. शेवटीं असें एक वर्ष येतें कीं, पक्षी घरटें करीतच नाहीं. तें वर्ष तो केवळ पिसांचें कर्ज फेडण्यांत घालवितो. संतति कीं पंख, असा हा प्रश्न आहे, आणि पंख नसतील तर पुढील संततीही नाहीं, हें निसर्गानें जणूं त्याच्या अंगीं बाणविलें आहे. या शिस्तीचें फळही मोठें आहे. याच जातीच्या एका मादीच्या पायांत १९५६ सालीं मिडवे बेटावर कडें घातलें गेलें. 'विझ्डम' या नांवानें ती प्रसिद्ध आहे. २०२४ सालीं, वयाला सत्तर वर्षें केव्हांच उलटून गेलेलीं असतां, तिनें तेथेंच पुन्हां अंडें घातलें!

पिसांच्या या मंद पालटाचा एका अत्यंत कठीण प्रसंगीं मनुष्यालाही उपयोग झाला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९८० नंतरच्या वर्षांत कॅलिफोर्नियाचा काँडोर नामशेष होण्याच्या बेतांत होता. किती पक्षी उरले आहेत हेंच कोणास नक्की ठाऊक नव्हतें. कारण आज या डोंगरावर दिसलेला पक्षी उद्यां दूरच्या डोंगरावर दिसे आणि एकाचेच दोन मोजले जात. तेव्हां १९८२ व १९८३ सालीं अभ्यासकांनीं उडणाऱ्या काँडोरांचीं छायाचित्रें घेऊन तीं शेजारीं शेजारीं मांडलीं. प्रत्येक पक्ष्याच्या पंखांतील फटी, अर्धवट वाढलेलीं पिसें व मोडकीं टोंकें वेगळीं होतीं. एक पीस वाढावयास चार महिने लागत असल्यामुळें आजच्या फटी पुढील कांहीं आठवडे ओळखूं येत. जणूं प्रत्येक पक्षी आपल्या पंखांवर आपली सही घेऊन फिरत होता. या पद्धतीनें खरी संख्या हातीं आली, आणि ती ऐकून सर्वांचें काळीज हललें. साऱ्या रानांत वीस-बावीसच काँडोर उरले होते. पुढें १९८७ सालीं शेवटचा रानटी पक्षीही पकडून सुरक्षित ठेविला गेला. तेव्हां जगांत त्या जातीचे अवघे २७ पक्षी होते. त्यांची वीण वाढवून १९९२ पासून त्यांना पुन्हां रानांत सोडण्यास आरंभ झाला. आज त्यांची एकंदर संख्या पांचशेंच्या वर गेली आहे.

आतां आपल्या घारीकडे परत येऊं. तिच्या पंखांतील फट निसर्गाची होती; परंतु दरवर्षीं संक्रांतीच्या सुमारास पुष्कळ घारींच्या पंखांत ज्या फटी पडतात त्या निसर्गाच्या नसतात. पतंगाच्या धारदार मांजानें पिसें मधूनच कापलीं जातात. कधीं कातडें व स्नायुही चिरले जातात. येथें एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. पीस मुळासकट उपटलें गेलें तर बहुधा त्याच खळगींत नवा अंकुर फुटतो. पण तें मध्यें कापलें गेलें तर त्याचा खुंट आंत तसाच रुतून राहतो, आणि त्या पिसाची पाळी येईपर्यंत नवें पीस येत नाहीं. शरीराला आपलें नुकसान कळतच नाहीं! चिमणीला थोडे महिने वाट पाहावी लागते. मोठ्या पक्ष्याला वर्ष, दोन वर्षें. एका दुपारच्या खेळाची किंमत तो इतके दिवस देत राहतो. बाजदार लोक कित्येक शतकांपासून अशा वेळीं एक युक्ति योजीत आले आहेत. मोडक्या पिसाच्या पोकळ खुंटांत बांबूची बारीक काडी बसवून तिच्यावर दुसरें गळालेलें पीस जोडावयाचें. आज जखमी पक्ष्यांची शुश्रूषा करणारेही हीच युक्ति वापरतात. पण अशी जोडणी किती पक्ष्यांच्या नशिबीं येणार? नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून साऱ्या देशांत बंदी आहे. ती पाळणें आपल्या हातीं आहे.

आणि गिधाडांची हकीकत तर त्याहूनही गंभीर आहे. ज्यांना पंख बदलावयास तीन वर्षें लागतात, त्यांचें सारेंच जीवन मंदगति असतें. वर्षाला एक अंडें. पिलाचीं पहिलीं पिसें पुरीं होऊन तें उडूं लागण्यास तीन-चार महिने. आणि तें स्वतः वीण करूं लागण्यास चार-पांच वर्षें. अशा जातीवर अचानक घाला पडला तर तिला सावरावयास पिढ्या लागतात. १९९० नंतर आपल्या देशांत असेंच झालें. गुरांना देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक नांवाचें औषध मेलेल्या गुरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत गेलें व मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरूं लागलीं. १९९२ ते २००७ या काळांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारांत एक उरावी इतकी घटली. मरणाचें कारण २००४ सालीं प्रसिद्ध झालें आणि २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधाचा वापर भारतांत बंद करण्यांत आला. बंदीला इतकीं वर्षें होऊनही आकाश पूर्वींसारखें भरलेलें नाहीं, याचें नवल वाटावयास नको. जी जात पीससुद्धां घाईनें वाढवूं शकत नाहीं, ती आपला वंश घाईनें कशी वाढविणार? तथापि रायगड जिल्ह्यांतील म्हसळ्याजवळच्या चिरगांवासारख्या ठिकाणीं गांवकऱ्यांच्या साहाय्यानें त्यांचीं घरटीं राखलीं गेलीं आहेत, आणि नाशिकजवळील अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोंचीचीं गिधाडें अजून नांदत आहेत. त्यांना आपल्याकडून फार कांहीं नको आहे. केवळ वेळ हवा आहे.

विद्यार्थिमित्रहो, यापुढें आकाशांत घार तरंगतांना दिसली तर क्षणभर थांबून तिचे पंख न्याहाळा. दोन्ही पंखांत सारखी फट आहे काय? फटींत अर्धवट वाढलेलें नवें पीस डोकावतें आहे काय? कोणतीं पिसें गडद व कोणतीं फिकट आहेत? फट एकाच पंखांत असून तिची कड वेडीवांकडी तुटलेली असेल, तर तो माणसाचा प्रताप असण्याचा संभव आहे. आणि दोन्ही बाजूंची फट नेटकी असेल तर समजा कीं, तेथें शाकारणी चालली आहे. घर न सोडतां, काम न थांबवितां, एका वेळीं एक-दोन कौलें.

त्या सातवींतल्या मुलानें मागाहून एक वही केली. घारीच्या पंखांचें चित्र काढून तो दर शनिवारीं फटींच्या जागा तींत टिपूं लागला. गणपतीच्या सुटीपर्यंत त्याच्या चित्रांतील फट मध्यापासून टोंकाच्या दिशेनें दोन पिसें पुढें सरकली होती. वही दाखवितांना तो म्हणाला, "सर, ही तीच घार आहे कीं दुसरी, हें मला नक्की सांगतां येत नाहीं." काँडोरांची मोजणी करणाऱ्यांपुढेंही आरंभीं हाच प्रश्न होता. त्याला एवढेंच सांगितलें कीं, पुढच्या शनिवारींही चित्र काढ.